नानांना गाडी लागत नाही

उमापूरच्या विठ्ठलरावांना सगळा गेवराई तालुका नाना म्हणायचा. ते पंचायत समितीचे माजी सदस्य, बाजार समितीचे आजी संचालक आणि जिल्हा परिषदेचे भावी सदस्य होते. यातलं 'भावी' हे पद त्यांनी इतकी वर्षं निष्ठेने सांभाळलं होतं, की त्यात त्यांची बरोबरी करणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता.

नानांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे ते वेळेचे पक्के. सभा माजलगावला असो की धारूरला, मंडपवाला अजून खांब रोवत असायचा तेव्हा नाना बाजूच्या झाडाखाली डोळे मिटून बसलेले असायचे. लोक लांबून बघायचे आणि आपसात म्हणायचे, चिंतन चालू आहे. दुसरी गोष्ट, दौऱ्याच्या दिवशी नाना अन्नाला शिवायचे नाहीत. 'जनतेच्या कामाला उपाशीपोटी निघणारा नेता' हे वाक्य त्यांच्या खास कार्यकर्त्याने, अंगदने, वाढदिवसाच्या बॅनरवर मोठ्या अक्षरात छापलं होतं.

खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, गीताबाईंना, आणि ड्रायव्हरला ठाऊक होतं. नानांना गाडी लागायची. अगदी लहानपणापासून. बैलगाडी सोडली तर चाक असलेलं काहीही त्यांना मानवत नसे. पुढच्या सीटवर बसून, काच खाली करून, खिशातलं लिंबू हुंगत ते कसंबसं मुक्कामाला पोचायचे आणि पोटातलं वादळ बसेपर्यंत झाडाखाली चिंतन करायचे. ते लिंबू नजर लागू नये म्हणून असतं, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. धारूरच्या घाटात गाडी हमखास थांबायची. मागच्या गाडीतल्या मंडळींना सांगितलं जायचं, की नाना दरीकडे बघून वनीकरणाचा विचार करतायत.

हे लपवण्यात नानांचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही. पुढाऱ्याला शोभणारे आजार ठरलेले असतात. शुगर चालते, बीपी चालतं, हृदयात एखादी स्प्रिंग बसवलेली असली तर माणसाचं वजन वाढतंच. पण गाडी लागणं हा पोरासोरांचा आणि बायकांचा आजार. घाटात प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालणाऱ्या माणसाला कोण निवडून देणार?

तर अशा या नानांच्या पित्ताशयात खडे निघाले. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली अशी कळ उठायची, की भाषण अर्ध्यावर सोडावं लागे, आणि नानांच्या दृष्टीने हे मरणाच्या बरोबरीचं होतं. बीडच्या एका खासगी दवाखान्यातल्या सर्जननी सोनोग्राफी पाहिली आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकायचं ठरवलं. निवडणुका तोंडावर होत्या, म्हणून लगेच दिवस ठरला.

नाना दवाखान्यात दाखल झाले ते एखाद्या कार्यालयाचं उद्घाटन करायला यावं तसे. खोलीत हार, खाली गाड्या, जिन्यात कार्यकर्ते. गीताबाई एका कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना बसायला खुर्ची कुणी दिली नव्हती, पेशंटच्या सामानाच्या कपाटाशेजारी एक स्टूल होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर नानांना तपासायला आल्या. त्यांचं नाव रोहिणी. माजलगावला मन्मथ शेटजींचं कापडाचं दुकान आहे, त्यांची ही धाकटी मुलगी. शिकून परत जिल्ह्यातच आली होती. आल्या आल्या तिने सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. कुणीही हललं नाही, कारण हे आपल्याला नसून शेजारच्याला सांगितलंय याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

रोहिणीने पुन्हा सांगितलं. अंगद म्हणाला, नानांचं आमच्यापासून काही लपलेलं नाही. मग तिने नाद सोडला आणि प्रश्न सुरू केले. शुगर आहे का? थोडी आहे, गोळी चालू आहे. आधी कधी ऑपरेशन? नाही. दात हलतात का? सगळे हसले. बिडी, सिगारेट? यावर अंगदने छाती पुढे काढून सांगितलं, की नाना पूर्ण निर्व्यसनी आहेत.

रोहिणी म्हणाली, चांगलं आहे, फक्त एक गंमत अशी, की सिगारेट न ओढणाऱ्यांना भुलीनंतर मळमळ आणि उलट्या जास्त होतात. हे ऐकून जिन्याजवळच्या एका कार्यकर्त्याने शर्टाच्या खिशातलं पाकीट मोठ्या आदराने चाचपलं. दवाखान्यात येऊन इतकं दिलासा देणारं वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग तिने विचारलं, "नाना, गाडी लागते का?"

"लागते म्हंजे काय, डॉक्टर?" अंगद म्हणाला. "दोन लागतेत. एक नानाला, एक आमाला."

खोली हसण्याने दणाणली. नानाही हसले, जरा जास्तच. रोहिणी हसू ओसरेपर्यंत थांबली आणि तिने तोच प्रश्न फोड करून विचारला. प्रवासात मळमळतं का? घाटात उलटी होते का? तिने कारणही सांगितलं. ज्यांना गाडी लागते त्यांना ऑपरेशननंतर उलट्यांचा त्रास होण्याची शक्यता बरीच वाढते. ते आधी कळलं तर भूल वाफेने न देता शिरेतून देता येते, आणि उलटी होऊ नये म्हणून एकाऐवजी दोन वेगवेगळी औषधं देता येतात. दुसऱ्या औषधाने शुगर थोडी चढते, म्हणून शुगरवाल्या माणसाला ती ते कारण नसताना देत नाही. कारण असेल तर शुगरवर लक्ष ठेवून जरूर देते.

नानांनी खोलीतल्या सगळ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एकाच्या हातात मोबाइल तयारच होता.

"बाई, रोज अर्धा जिल्हा फिरतो मी," नाना म्हणाले. "मला कशाची गाडी लागती?"

कोपऱ्यातून गीताबाई म्हणाल्या, "अहो, पण..."

"तुमी मंडळींच्या चहाचं बघा," नाना म्हणाले.

गीताबाई उठून चहाचं बघायला गेल्या. पेशंट सांगतो त्यावर विश्वास ठेवणं ही डॉक्टरी शिक्षणातली एक जुनी उणीव आहे. रोहिणीने नानांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि नेहमीचं एक इंजेक्शन द्यायचं ठरवून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जननी बाटलीत घालून आणलेले खडे कार्यकर्त्यांमध्ये प्रसादासारखे हातोहात फिरले. ते हरभऱ्याएवढे होते. अंगदने त्यांचा फोटो काढून 'वेदना सहन करून जनसेवा' असं लिहून तो सगळीकडे पाठवला.

नानांना खोलीत आणलं तेव्हा ते अर्धवट गुंगीत होते. सिस्टरने बजावलं, की त्यांना पडून राहू द्या, एकदम उठवू-बसवू नका, सांगेपर्यंत पाणीही पाजू नका. रोहिणीही येऊन बघून गेली. सगळं ठीक होतं. जीभ जड झालीय आणि घसा खवखवतोय, एवढीच नानांची तक्रार होती.

घोळ झाला तो पक्षाच्या निरीक्षकांमुळे. ते तिकिटासाठी इच्छुकांच्या मुलाखती घ्यायला बीडला आले होते आणि सौजन्य म्हणून नानांना बघायला आले. त्यातच गेवराईत अशी आवई उठली होती, की नानांना खडे नसून कॅन्सर आहे आणि ते काही निवडणुकीपर्यंत टिकत नाहीत. अंगदच्या मते यावर एकच उपाय होता. नाना बसलेले, हसणारे, निरीक्षकांशी बोलणारे असे थेट लोकांना दाखवायचे. गीताबाई म्हणाल्या, सिस्टरने नको म्हणून सांगितलंय. तेव्हा नानांनीच डोळे उघडले आणि म्हणाले, "उचला मला."

त्यांना उचललं. पाठीशी उशा लावल्या. सलाईन लावलेल्या हाताच्या वरून गळ्यात पक्षाचं उपरणं अडकवलं. निरीक्षकांनी पुष्पगुच्छ पुढे केला. अंगदने मोबाइल धरला आणि 'आपण आता थेट बीडमधून' अशी सुरुवात केली. नानांनी हात जोडले.

"माझ्या बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "माझी तब्येत एकदम..."

पुढचा शब्द पुष्पगुच्छात गेला. त्यानंतरचा निरीक्षकांच्या पांढऱ्या पायजम्यावर. निरीक्षक अनुभवी होते. ते 'काळजी घ्या, काळजी घ्या' असं म्हणत उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले आणि तिथून सरळ गाडीत जाऊन बसले. अंगदला मोबाइल बंद करायचं सुचेपर्यंत तालुक्याने बरंच काही पाहिलं होतं.

यानंतर मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. नानांना एकामागून एक उबळ येऊ लागली. पोटात काही नव्हतंच, तरी आतडी पिळून निघत होती. प्रत्येक उबळीला ताज्या टाक्यांवर ताण यायचा आणि आपलं पोट आता फाटणार असं त्यांना वाटायचं. डोळ्यांतून पाणी, कपाळावर गार घाम. कार्यकर्ते एकेक करून फोन आल्याचं निमित्त काढून बाहेर सटकले. गीताबाईंनी एका हाताने भांडं धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पोटावर उशी दाबून धरली. नानांनी त्यांचं मनगट पकडलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचा हात असा घट्ट कधी धरला नव्हता, आणि आता सोडायला ते तयार नव्हते.

खाली गेलेल्या अंगदपुढे वेगळीच अडचण होती. तो प्रकार सगळ्यांनी पाहिला होता आणि त्याचं काहीतरी स्पष्टीकरण देणं भाग होतं. नानांची चूक असणं शक्य नव्हतं. आपली चूक असणं तर त्याहून अशक्य. राहता राहिली भूल देणारी डॉक्टर. त्यात ती माजलगावची निघाली, आणि तिकिटाचा दुसरा दावेदारही माजलगावचा. मग कुणाला तरी आठवलं, की मन्मथ शेटजींच्या दुकानासमोरच्या खांबावर त्या दावेदाराचं बॅनर लागलं होतं. आता पुराव्यात काय कमी राहिलं? दिवस मावळायच्या आत 'नानांना चुकीचं इंजेक्शन' हा मजकूर धारूरपर्यंत पोचला आणि दवाखान्याच्या दारात गाड्या लागायला लागल्या. मागणी साधी होती. डॉक्टरने खाली येऊन माफी मागावी, नाहीतर गुन्हा दाखल करू.

रोहिणी दुसऱ्या ऑपरेशनमधून सुटल्याबरोबर नानांकडे आली. या वेळी तिने कुणालाही विनंती केली नाही. खोलीत उरलेल्या दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराची कडी लावली. नानांची नाडी पाहिली, बीपी पाहिलं, शुगर तपासली, पोट चाचपलं. मग स्टूल ओढून बसली.

"नाना, आता इथं कुणी नाही," ती म्हणाली. "गाडी लागते का?"

नाना भिंतीकडे बघत राहिले.

"सांगा की," गीताबाई म्हणाल्या.

गीताबाईंनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, आणि आताही त्यांचा आवाज चढला नाही.

"माझी गर्भाची पिशवी काढली तवा मला रातभर उलट्या झाल्या. टाके असेच ताजे व्हते. तुमी सकाळी आले, मागं ही सगळी मंडळी. मला म्हणले, बायकांना जरा बी सोसत न्हाई. मला तवा कुणी इचारलं न्हाई, बाई तुला गाडी लागती का. ह्या पोरीनं तुमाला दोनदा इचारलं. कावून खोटं बोलले तुमी?"

नानांनी मान वळवली. "तुमाला लागती गाडी?"

"लागती."

"कधी बोलल्या न्हाईत."

"पुढची सीट एकच आसती," गीताबाई म्हणाल्या.

मग पुन्हा एक उबळ आली आणि ती गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. लिंबाचं, झाडाखालच्या चिंतनाचं, घाटातल्या वनीकरणाचं. सांगताना ते शाळेत उभ्या केलेल्या पोरासारखे दिसत होते. रोहिणीने रागावण्यात वेळ घालवला नाही. बरं झालं आता तरी सांगितलंत, इतकंच म्हणाली. ऑपरेशनमध्ये दिलेलं इंजेक्शन इतक्यात पुन्हा देऊन उपयोग नाही, म्हणून आता वेगळ्या प्रकारचं देते, असं तिने समजावलं. शरीरात उलटीचा निरोप मेंदूकडे जायच्या वाटा अनेक असतात. एक औषध एक वाट अडवतं. ज्याला गाडी लागते त्याच्या सगळ्याच वाटा रहदारीच्या असतात, एकीवर पहारा बसवून भागत नाही.

"हे सगळं आधीच करता आलं असतं?" नानांनी विचारलं.

"आलं असतं. मग बहुतेक इतका त्रास झाला नसता. अगदी झालाच नसता असं मी सांगणार नाही."

तिने इंजेक्शन दिलं, सलाईन वाढवलं, डोकं थोडं उंच करून त्यांना न हलवता पडू दिलं. हळूहळू उबळी थांबल्या. नानांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि गीताबाईंचं मनगट सुटलं. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते.

तेवढ्यात दार वाजलं. रोहिणीने सर्जनना आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. खालच्या गर्दीने ते घाबरले होते. दवाखान्याच्या दर्शनी भागाला नवीनच काचा बसवल्या होत्या आणि त्यांचं लक्ष त्या काचांवरून हटत नव्हतं. ते रोहिणीला बाजूला घेऊन म्हणाले, की खाली जाऊन दोन शब्द बोलून टाका. इंजेक्शनची रिॲक्शन आली, वाईट वाटतं, असं काहीतरी. विषय मिटेल. रोहिणीने विचारलं, जी रिॲक्शन आलीच नाही ती मी का सांगू? सर्जन म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण लोक बरोबर आहे का हे बघायला आलेले नाहीत. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी एक फोन केला असता तर खालची गर्दी तिथल्या तिथे पांगली असती. नानांनी डोळे मिटून घेतले. "थंड हुतील आपोआप," ते पुटपुटले. "पोरं हायत. लक्ष देऊ नका."

रोहिणीचा चेहरा उतरला. दुपारपासून तिला तिच्या वडिलांचे फोन येत होते. दुकानासमोर चार टवाळ पोरं येऊन उभी राहिली होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गीताबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, दाराची कडी काढली आणि त्या जिन्याने खाली गेल्या.

त्यांना येताना बघून गर्दी शांत झाली. काकू रडणार, असा अंगदचा अंदाज होता. त्याने लगबगीने मोबाइल चालू केला आणि 'आता नानांच्या सौभाग्यवतींच्या तोंडून ऐका' असं म्हणून तो त्यांच्यासमोर धरला. गीताबाईंनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. म्हणून तर ते इतकं थोडक्यात झालं.

"नानांना गाडी लागती," त्या म्हणाल्या. "ल्हानपणापासून. डॉक्टरीणबाईनं दोनदा इचारलं, नानांनी न्हाई म्हणून सांगितलं. तुमी समदे तिथंच दात काढत व्हते. डॉक्टरीणबाईची काय बी चूक न्हाई. आता नानांना बरं हाय, झोप लागायलीय. घरी जा."

अंगदचा मोबाइल धरलेला हात तसाच राहिला. मग मागून एक भारदस्त माणूस, जो खास घोषणा द्यायला उमापूरहून आला होता, हळू आवाजात म्हणाला, "काकू, पुढं बसल्यावर बी लागती का?"

गीताबाईंनी सांगितलं, कमी लागते, पण लागते. त्या माणसाने समजल्यासारखी मान हलवली. त्याचंही तसंच होतं, फक्त त्याने आजवर ते पित्तावर ढकललं होतं. मग दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याचं सांगितलं. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांनी धारूरच्या गाडीत घाट लागला की कोण कोण खिडकीकडे सरकायचं याची नावानिशी माहिती दिली, आणि त्यातली दोन नावं समोर उभ्या असलेल्या मंडळींचीच होती. घोषणा राहिल्या बाजूला आणि उपायांवर चर्चा सुरू झाली. कुणी ओवा सांगितला, कुणी आवळा सुपारी, कुणी पोटाला वर्तमानपत्र बांधायला सांगितलं आणि कुठलं वर्तमानपत्र यावरून थोडी बाचाबाचीही झाली. दवाखान्यासमोरच्या टपरीवरचा चहा संपला तेव्हा मंडळी पांगली.

रोहिणीची माफी कुणी मागितली नाही. तसा विचारही कुणाच्या मनाला शिवला नाही. एकजण जाता जाता एवढं म्हणाला, की डॉक्टर चांगल्या आहेत, पण त्यांनी नानांचं न ऐकता दोन्ही इंजेक्शनं ठोकून द्यायला पाहिजे होती. बाकीच्यांनाही ते पटलं. म्हणजे चूक शेवटी डॉक्टरचीच निघाली.

गीताबाई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांनी पोट हाताने धरलं होतं. रोहिणी वरच्या पायरीवर उभी होती. तिने आभार मानले नाहीत, फक्त विचारलं, "काकू, पोटाला काय झालंय?"

गीताबाई म्हणाल्या, काही नाही, जुन्या टाक्यांपाशी जरा फुगतं, जिना चढलं की दुखतं. किती वर्षं? तर पिशवी काढल्यापासून. घरी सांगितलं नाही का? कुणी विचारलं नाही. रोहिणीने त्यांना तिथेच एका खोलीत झोपवून तपासलं. हर्निया होता, आणि चांगला मोठा होता. त्या रात्रीच्या उलट्यांनी ताज्या टाक्यांवर जो ताण आला होता त्याचाही त्यात हातभार असू शकतो, असं ती म्हणाली. गीताबाई ऐकून घेतल्यासारखं करून नानांच्या खोलीत गेल्या, कारण त्यांना पाणी द्यायची वेळ झाली होती.

नाना दुसऱ्या दिवशी घरी गेले आणि पुढे बरेच दिवस बायकोशी बोलले नाहीत. आधीही फार बोलत होते असं नाही, त्यामुळे हे गीताबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पक्षाचं तिकीट नानांना मिळालं नाही. ते निरीक्षकांच्या साडूच्या मुलाला मिळालं आणि ते निरीक्षक बीडला यायच्या आधीच ठरलेलं होतं. पण नाना अजूनही मानतात, की आपली जिल्हा परिषद बायकोच्या भाषणाने गेली. गीताबाईंचा तो व्हिडिओ मात्र नानांच्या आजवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. अंगदने पुढच्या बॅनरवर 'सत्यवचनी परिवार' असं छापलं. त्याला कशाचंही बॅनर करता येत असे.

दिवाळीनंतर गीताबाईंच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दवाखाना तोच, रोहिणीही तीच. या वेळी खोलीत गर्दी नव्हती. काकूंच्या ऑपरेशनला यायला कुणाला सवड झाली नव्हती. फक्त नाना खुर्चीवर बसले होते. रोहिणीने प्रश्न सुरू केले तेव्हा नानांनी सवयीने उत्तरं द्यायला घेतली. त्यांना काही नाही, एकदम ठणठणीत, आणि सोशिक आहेत.

"मी काकूंना विचारतेय," रोहिणी म्हणाली.

गीताबाईंनी सगळं सांगितलं. गाडी लागते. मागच्या ऑपरेशनला रात्रभर उलट्या झाल्या. तंबाखू नाही, मिसरी नाही, शुगर नाही. रोहिणी म्हणाली, म्हणजे शक्यता जास्तच आहे, आपण तशी तयारी करू. आणि तिने केली. भूल शिरेतून दिली, वाफ वापरलीच नाही. उलटी होऊ नये म्हणून एक औषध सुरुवातीला दिलं, दुसरं ऑपरेशन संपताना, आणि दुखणं कमी करायलाही शक्यतो मळमळ न वाढवणारी औषधं निवडली.

गीताबाई शुद्धीवर आल्या आणि काहीतरी होईल म्हणून वाट बघत पडून राहिल्या. काही झालं नाही. टाके दुखत होते, तेवढे दुखणारच. पोटात ढवळलं नाही. त्यांनी सिस्टरला विचारलं, भांडं कुठंय? सिस्टर म्हणाली, लागेल तेव्हा देईन. ते लागलंच नाही. दिवेलागणीला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी कपभर चहा घेतला, आणि तो पोटात राहिला याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की त्या रिकाम्या कपाकडे थोडा वेळ बघत बसल्या. डोळे भरून आले होते. सिस्टरला वाटलं, दुखतंय.

बाहेर गॅलरीत उमापूरची चार मंडळी अखेर भेटायला आली होती. नाना त्यांना सविस्तर सांगत होते.

"एक बी उलटी न्हाई झाली. एक बी. उगंच दोन-दोन इंजेक्शनं ठोकले. ह्या डॉक्टर लोकांना माणसाला भ्या घालायची लई हौस."

मंडळींनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, हल्ली औषधांचा अतिरेकच चाललाय. दुसरा म्हणाला, काकू मुळातच खंबीर.

दार अर्धवट उघडं होतं आणि आत सगळं ऐकू येत होतं. गीताबाईंनी सिस्टरला तेवढं दार लोटून घ्यायला सांगितलं, पोटावर उशी धरून सावकाश कुशीवर वळल्या आणि झोपून गेल्या.